ग्रहणाची साक्ष

२०२५ सालची भाद्रपदी पौर्णिमा, म्हणजे ७ सप्टेंबरची रात्र. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात एका स्नेह्यांच्या घरी माझा मुक्काम होता. रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. पावसाळा सरता सरत नव्हता. दिवसभर सरींवर सरी येऊन गेल्या होत्या, आणि ग्रहण दिसेल की नाही याविषयी घरात दोन पक्ष पडले होते. नऊच्या सुमारास वारा सुटला, ढग फाटले, आणि माझे स्नेही परसदारी खाट नि दोन खुर्च्या मांडून मोकळे झाले. विहीर, तिच्यापलीकडे फणस, आणि फणसापलीकडे एकदम रान. या तालुक्यात क्षेत्र मोठे आणि वस्ती विरळ. शहरातील दिव्यांचा पिवळट उजेड इथल्या आकाशाला अजून लागलेला नाही. ग्रहण पाहावे तर अशाच ठिकाणी.

घरच्या आजी मात्र आत पडवीत बसून राहिल्या होत्या. त्यांनी लवकर जेवून घेतले होते, पाण्याच्या घागरीत तुळशीपत्र टाकले होते, आणि शेजारणीच्या आग्रहावरून ताटात पाणी ओतून त्यात मुसळही उभे केले होते. कर्नाटकात कित्येक गावी ही चाल आहे. ग्रहणकाळी मुसळ आपोआप उभे राहते आणि मोक्ष झाला की पडते, असा समज. सपाट बुडाचे मुसळ वर्षातल्या कोणत्याही दिवशी उभे राहते, हे त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीने आदल्या दिवशीच करून पाहिले होते. पण आजीला ते सांगण्याचे धैर्य तिला झाले नव्हते, आणि मलाही झाले नाही.

नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी स्पर्श झाला. चंद्राची कड प्रथम मळल्यासारखी दिसू लागली, मग कोणी चावा घेतल्यासारखी तुटली. ती तुटलेली कड गोल होती. श्रोतेहो, पृथ्वी गोल आहे याचे ॲरिस्टॉटलने दिलेले एक प्रमाण म्हणजे हीच गोल कड. आपल्या आर्यभटानेही इ. स. ४९९ च्या सुमारास स्वच्छ सांगून ठेवले, की सूर्याला झाकतो तो चंद्र आणि चंद्राला झाकते ती पृथ्वीची थोरली सावली. राहूच्या कथेने लोकांच्या मनातले आपले स्थान सोडले नाही हे खरे. परंतु पंचांगात ग्रहणाची वेळ देणाऱ्या एकाही ज्योतिष्याने ती राहूला विचारून दिलेली नाही. त्याने सावलीचाच हिशेब केला.

अकरा वाजता चंद्र पूर्ण बुडाला. बुडाला म्हणजे नाहीसा झाला नव्हे. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लालसर होऊन रानावर टांगून राहिला. पृथ्वीच्या कडेने वातावरणातून वाकून गेलेला जो थोडा तांबडा प्रकाश सावलीत शिरतो, तो या रंगाचे कारण. त्या घडीला पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असतो, त्या सगळ्या क्षितिजांचा तो एकवटलेला प्रकाश. नातीने आत जाऊन आजीला हाताला धरून बाहेर आणले. आजी आल्या, खाटेवर बसल्या, बराच वेळ वर पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "असाच होता. पण त्या वेळी फार वेळ राहिला होता."

"कुठल्या वेळी, आजी?"

"सुप्यात होतो तेव्हा. हा पोटात होता." हा म्हणजे शेजारी उभे असलेले माझे स्नेही, वय वर्षे चौपन्न, सरकारी नोकर, डोक्यावरचे केस पांढरे झालेले.

सुपा हे नाव आता नकाशावर धरणापुरते उरले आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर हे गाव होते, आणि आजच्या जोयडा तालुक्याचे नावही तेव्हा सुपा तालुका असेच होते. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच राहिला. मराठी, कोंकणी नि कानडी या तिन्ही भाषा इकडच्या माणसांच्या तोंडी सहज येतात त्यामागे हाही इतिहास आहे. १९७४ मध्ये काळी नदीवर धरणाचे काम सुरू झाले, १९८७ मध्ये ते पुरे झाले, आणि शंभर मीटरहून उंच भिंतीमागे साठलेल्या पाण्याखाली सुपा गेले. कचेरी जोयड्याला आली. रामनगरसारख्या ठिकाणी विस्थापितांची घरे उभी राहिली. आजींचे बिऱ्हाडही त्याच सुमारास हलले. सामान आले, भांडी आली, देव आले. एक पत्र्याची पेटी मात्र वाटेत कुठेतरी राहिली. तीत कागद होते.

त्या पेटीमुळे या घरात एक जुना वाद आहे. माझ्या स्नेह्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९७१. ही एक जून आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल. मुलाला शाळेत घालायला नेले, जन्माची नोंद हाताशी नसली, की गुरुजी वर्गाला शोभेल असे वर्ष धरून एक जून लिहून टाकीत. एका पिढीतील हजारो माणसे अशी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. आजींचे म्हणणे असे, की हे साफ खोटे आहे. मुलगा श्रावणातल्या ग्रहणानंतरचा, दिवाळी होऊन गेल्यावरचा. पण ग्रहण कोणत्या साली झाले ते त्यांना सांगता येईना. एक दीर सत्तर म्हणत, दुसरे बहात्तर म्हणत. सुप्यातले शेजारीपाजारी चार गावी पांगलेले, विचारावे कोणाला?

मी इतिहासाचा विद्यार्थी. आजींचे हे बोलणे ऐकले आणि मला खानदेशातील पाटणची शिळा आठवली.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. पाटणादेवीमुळे ते सर्वांना ठाऊक आहे. तेथील एका शिलालेखाचे वृत्त डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे ठेवले. सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटणला एक मठ काढला. त्या मठाला निकुंभ वंशातील सोइदेव राजाने दान दिले, त्याचा हा लेख. आधी संस्कृत श्लोक आहेत, कुळाची नि विद्येची थोरवी आहे. आणि मग प्रत्यक्ष देण्याघेण्याचा मजकूर येतो तेव्हा लेख एकदम मराठी होतो. बाजारात येणाऱ्या मालावरचा हक्क मठाला, गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे ठरलेले तेल मठाला. गणितशाळेतला दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता म्हणायचे! मराठी भाषेचे जे अगदी जुने लेखी नमुने आपल्याजवळ आहेत, त्यांत हा एक.

आणि या दानाची वेळ? शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणसमयी.

ग्रहणकाळी दिलेले दान अक्षय्य होते, अशी समजूत असल्याने आपल्या राजेरजवाड्यांनी जमिनी नि गावे देण्यास ग्रहणाचा मुहूर्त वारंवार धरलेला आहे. कदंबांचे, चालुक्यांचे, यादवांचे ताम्रपट चाळीत गेले की सोमग्रहण आणि सूर्यग्रहण हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. गावोगावच्या गल्ल्यांतून ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी ऐकू येत असे; ताम्रपटातला राजा नि ओसरीवरून पसाभर धान्य घालणारी गृहिणी यांची श्रद्धा एकच. पुण्य किती लागले ते चित्रगुप्त जाणे, पण या चालीने इतिहासावर मोठे उपकार केले. राजा आपली वंशावळ फुगवील, जिंकलेल्या लढाया मोजताना हात सैल सोडील, लेखक शकाचा आकडा चुकवील. ग्रहण त्यांच्यापैकी कोणाच्याच आज्ञेत नाही. ते ज्या रात्री झाले त्याच रात्री झाले, आणि आठशे वर्षांनी कागदावर हिशेब करणाऱ्यालाही तीच रात्र सापडते.

पाटणच्या लेखातच पाहा. दक्षिणेकडील गणनेने प्रभव संवत्सर येते ते शके ११२९ मध्ये. लेखात आकडा आहे ११२८. एका वर्षाचा फरक. गत शक आणि चालू शक यांच्या घोळात असे फरक आपल्या लेखांतून नेहमी आढळतात. विद्वानांनी संवत्सर, महिना, तिथी नि ग्रहण यांचा मेळ घातला आणि तारीख धरली ती ९ ऑगस्ट १२०७. त्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीतून गेला होता, हे गणित सांगते. अशा कामासाठी ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांत एक आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३, पेशा शिक्षकाचा. फ्लीटसाहेबांनी गुप्तांचे लेख १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातील तिथ्यांचे गणित दीक्षितांनी करून दिले. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ बाहेर पडला, आणि त्याच साली रॉबर्ट सेवेल यांच्यासह केलेला भारतीय पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथही. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ऐन पंचेचाळिशीत दीक्षित वारले. त्याच वर्षी सेवेल यांनी हिंदुस्थानातील चंद्रग्रहणांचे कोष्टक पुरवणी म्हणून प्रसिद्ध केले. पुढे ताम्रपट हाती आलेल्या प्रत्येक संशोधकाच्या मेजावर ही पुस्तके असत.

ग्रहणाची ही साक्ष पंचांगकर्त्यांनाही द्यावी लागे, नि ती अधिक कठोर होती. कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी स्वतः आकाशाकडे पाहून, ग्रहणे नि ग्रहांच्या युती तपासून जुन्या ग्रंथांतील अंतर दाखविले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले, आणि महाराष्ट्राची पंचांगे त्यावर शतकानुशतके चालली. परंतु कोणतेही गणित काळाबरोबर थोडे थोडे घसरतेच. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी कोष्टके दिली. पुढे नरगुंदला जन्मलेल्या नि बागलकोटला राहिलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' लिहिले. जुने पंचांग की शुद्ध पंचांग, हा वाद कित्येक दशके गाजला. एकादशी आज की उद्या यावर दोन शास्त्री जन्मभर भांडू शकतात. ग्रहणाच्या बाबतीत ती सोय नाही. स्पर्श दहाला सांगितला आणि साडेदहाला झाला, तर ते अंगणात उभ्या असलेल्या पोरालाही दिसते.

भीतीनेही माणसाने ग्रहणाची नोंद ठेवलेली आहे. ख्रिस्तपूर्व ४१३ मध्ये सिराक्यूजला वेढा देऊन बसलेले अथेन्सचे सैन्य माघारी निघण्याच्या तयारीत होते. २७ ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण झाले. सेनापती निकियस शकुन मानणारा. त्याने आणखी तीन नवके दिवस थांबण्याचे ठरविले. तेवढ्यात शत्रूने बंदराचे तोंड बांधले. आरमार गेले, सैन्य गेले, निकियसही मारला गेला. थुसिडिडीजने ही हकीकत लिहून ठेवली म्हणून त्या मोहिमेचा दिवसन् दिवस आज आपल्याला लावता येतो.

आजींनीही भीतीपोटीच ती रात्र लक्षात ठेवली होती. परसदारी बसल्या बसल्या त्यांनी ती सांगितली तेव्हा ती त्यांच्या मुलानेही पहिल्यांदाच ऐकली. श्रावणी पौर्णिमा होती. पुरुषांनी सकाळी जानवी बदलली होती, घरात नारळीभात झाला होता. आजींना सहा महिने उलटून सातवा लागला होता. संध्याकाळपासून सासूबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसविले, हातात विळी-सुरी द्यायची नाही, कूस बदलायची नाही, बाहेर पाहायचे नाही. मध्यरात्र उलटली. बाहेर पाऊस थांबला, माणसे बोलू लागली, कोणी म्हणाले रक्तासारखा झाला. आजी तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या. त्यांना राहवेना. न्हाणीच्या दाराने त्या परसात आल्या, आणि माडाच्या आडून त्यांनी चंद्र पाहिला. एकदा पाहिल्यावर लगेच फिरायचे त्यांनी ठरविले होते. पण तो उजळेचना, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. कोणाला कळले नाही. मग दिवाळी होईपर्यंत त्यांनी एक रात्र नीट झोप घेतली नाही. मूल झाले तेव्हा सुइणीने तोंड पाहायला सांगितले, तर त्यांनी आधी ओठ पाहिले, मग बोटे मोजली.

"दहा होती," त्या म्हणाल्या. "तरी कोणाला सांगितले नाही."

स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी खाटेवरची चादर उचलून आईच्या खांद्यावर घातली.

मी खिशातून वही काढली. प्रश्न सोपा होता. खग्रास चंद्रग्रहण, श्रावणी पौर्णिमा, मध्यरात्रीनंतर सुप्याहून दिसलेले, धरणाच्या कामापूर्वीचे. १९७० च्या श्रावणी पौर्णिमेला, १७ ऑगस्टला, ग्रहण झाले होते खरे. पण ते खंडग्रास, आणि ते मध्यावर आले तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजत आले होते. १९७२ च्या श्रावणात चंद्रग्रहण नव्हतेच. उरले १९७१. त्या वर्षी श्रावणी पौर्णिमा आली ६ ऑगस्टला, आणि त्या रात्री, सव्वा वाजण्याच्या सुमारास, खग्रास ग्रहणाचा मध्य झाला. आजींनी माडाआडून पाहिलेला चंद्र ७ ऑगस्ट १९७१ च्या पहिल्या प्रहरातला.

आणखी एक गोष्ट वहीत निघाली, ती मी त्यांना जरा भीतभीतच सांगितली. ग्रहणांची कुळे असतात. अठरा वर्षे, अकरा दिवस नि सुमारे आठ तास इतक्या काळाने सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत येतात, आणि त्याच जातीचे ग्रहण पुन्हा होते. बाबिलोनच्या खगोलवेत्त्यांना हे चक्र ठाऊक होते. पण ते वरचे आठ तास घोटाळा करतात. तेवढ्यात पृथ्वी तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पुढचे ग्रहण आपल्याकडे दिवस असताना होते. १९७१ च्या त्या ग्रहणानंतरचे त्याच कुळातील ग्रहण झाले १७ ऑगस्ट १९८९ ला, आपल्याकडे सकाळी. त्याच्या पुढचे २८ ऑगस्ट २००७ ला, आपल्याकडे दुपारी. तीन फेरे झाले की आठ तासांचा एक पुरा दिवस भरतो, आणि चौपन्न वर्षे नि महिनाभराने ते ग्रहण पुन्हा आपल्या रात्री येते. १९७१ च्या ६ ऑगस्टला चौपन्न वर्षे आणि बत्तीस दिवस मिळविले की येते ७ सप्टेंबर २०२५.

"म्हणजे तोच परत आला?" आजींनी विचारले.

"त्याच कुळातला, आजी. आणि तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. त्या वेळी चंद्र नव्याण्णव मिनिटे सावलीत बुडून होता. आज ब्याऐंशीच मिनिटे आहे. प्रत्येक फेऱ्याला तो सावलीच्या मध्यापासून जरा जरा दूर सरकतो आहे."

सतरा मिनिटांचा फरक! घड्याळ नसलेल्या परसात, धास्तावलेल्या मनाने उभ्या राहिलेल्या एका बाईने तो चौपन्न वर्षे सांभाळला होता. हा माझा शोध आहे असे मी म्हणत नाही; भीतीने वेळ लांबतो हेही मला ठाऊक आहे. परंतु कागदपत्रांच्या पेटीपेक्षा आजी या बाबतीत अधिक विश्वासू ठरल्या, एवढे नमूद करावेसे वाटते.

माझ्या स्नेह्यांना मात्र वेगळाच हिशेब सुचला. जन्म दिवाळीनंतरचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरचा. दाखला म्हणतो एक जून. त्यामुळे २०३१ च्या मे महिन्यात ते साठ वर्षांचे होऊन निवृत्त होणार. ग्रहणाप्रमाणे पाहिले तर त्यांची आणखी पाच महिन्यांची नोकरी शिल्लक राहते. "वरच्या साहेबांपुढे चंद्राला उभा करू का?" असे त्यांनी विचारले. कचेरीत असली साक्ष चालत नाही. सोइदेवाच्या दानाला ती चालली, कारण तेव्हा ती कोणी नाकारणार नव्हते.

बारा वाजून बावीस मिनिटांनी चंद्राच्या कडेला उजेडाचा ठिपका फुटला. ढग पुन्हा जमू लागले होते. एक वाजून सव्वीस मिनिटांनी मोक्ष झाला तेव्हा चंद्र अर्धवट ढगाआड होता. आम्ही तो घड्याळावरून मानून घेतला. आतून धाडकन आवाज आला. नात धावत गेली. मुसळ पडले होते. मांजराने पाडले की कोणी, याची चौकशी झाली नाही.

आजी स्नानाला उठल्या. न्हाणीच्या दाराशी थांबून त्यांनी विचारले, "पुढचे कधी?"

मी सांगितले, इकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगले दिसावे असे खग्रास ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. आणि हे जे आज पाहिले, त्याच कुळातले पुन्हा आपल्या रात्री येईल ते १० ऑक्टोबर २०७९ ला. नात बोटांवर मोजू लागली. नऊ नि चौपन्न, त्रेसष्ट. आजींनी मात्र महिना पकडला.

"ऑक्टोबरातली पुनव म्हणजे कोजागरी ना रे? मग हिने दूध प्यायचे कधी?"